बाटलीवरचे नाव आणि कोर्टातले गिऱ्हाईक

माझे धाकटे काका अकोटच्या एका जिनिंग फॅक्टरीत हमाली करत. शाळेत ते कधी गेले नाहीत. पगाराच्या वहीत अंगठा उमटवत. पण संध्याकाळी भट्टीवर गेले की हवी ती बाटली बरोबर घेऊन येत. सरकारमान्य देशी दारूच्या दुकानाला आमच्याकडे भट्टीच म्हणतात. तिथे दारू गाळली जात नसली तरी जुने नाव टिकून आहे. काका खिडकीपाशी जाऊन एकच शब्द उच्चारत : ‘संत्रा’. आतून पव्वा यायचा. तो उजेडात धरून एकदा पाहायचे आणि खिशात घालायचे. नाव वाचता येत नसताना बाटली ओळखता कशी, असे मी शाळकरी वयात त्यांना विचारले होते. ते हसून म्हणाले, ‘‘नाव कोन वाचते बाबू? संत्र्याचं चित्र पायलं, बुचाचा रंग पायला, झालं.’’

एका वर्षी पोळ्याच्या करीला त्यांनी भट्टीवरून नव्हे, तर कुणा ओळखीच्याकडून बाटली घेतली. वऱ्हाडात पोळ्याचा दुसरा दिवस मटणाचा आणि दारूचा. त्या रात्री त्यांना उलट्या झाल्या आणि सकाळी डोळ्यांपुढे धुके आहे असे ते सांगू लागले. अकोल्याला नेले. जीव वाचला, नजर पंधरा-वीस दिवसांनी बरीचशी परतली. मेथिल अल्कोहोल पोटात गेले की शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते आधी डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते, हे मला फार नंतर कळले. काका मात्र पुढची कित्येक वर्षे एकच वाक्य बोलत : ‘‘चित्र तं तेच व्हतं.’’

तक्रार कुणी केली नाही. करायची तर कुणाविरुद्ध, हेही कुणाला ठाऊक नव्हते.

पुढे मी वकिलीत आलो आणि व्यापारचिन्हांच्या, म्हणजे ट्रेडमार्कच्या खटल्यांचे निकाल वाचू लागलो. दारूच्या कंपन्या एकमेकींविरुद्ध नावांसाठी वर्षानुवर्षे भांडताना दिसल्या. त्या प्रत्येक निकालात एक माणूस हटकून भेटे. तो वादी नसतो, प्रतिवादी नसतो, साक्षीलाही क्वचितच येतो. पण निकाल त्याच्यावरच ठरतो. तो म्हणजे गिऱ्हाईक. दोन नावे सारखी आहेत की नाहीत, याचे उत्तर न्यायालय या माणसाच्या डोळ्यांनी पाहून देते. हा माणूस कोण आहे, त्याला वाचता येते का, तो घाईत आहे की निवांत, गरीब आहे की श्रीमंत, हे न्यायाधीशाने मनाशी ठरवायचे असते. गेल्या साठ वर्षांत दारूच्या खटल्यांत हा माणूस कसा बदलत गेला आणि माझे काका त्यात कुठे बसतात, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

सैल दारू, बंद बाटली

जुन्या वऱ्हाडात दारूला नाव नव्हते. मेळघाटात कोरकूंच्या घरी मोहाची गाळली जाई, मैदानी भागात ठेकेदाराच्या दुकानातून पिंपातली सैल दारू मापाने मिळे. ती ओळखली जाई ती विकणाऱ्यावरून, अमक्याच्या भट्टीची म्हणून. चांगली निघाली तर श्रेय त्याचे, पाणी घातलेले असले तर शिव्याही त्यालाच. गिऱ्हाईक आणि विकणारा समोरासमोर असत, त्यामुळे चिन्हाची गरज नव्हती.

कारखान्यात भरलेली, बूच लावलेली, लेबल चिकटवलेली बाटली आली आणि हा चेहरा नाहीसा झाला. आजची देशी दारू मोहाची नसते. ती साखर कारखान्याच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची असते; त्यात पाणी आणि स्वाद घालून ती बाटलीत भरतात. कारखाना दोन-चारशे किलोमीटर दूर असतो. पिणाऱ्याच्या हातात उरते ते लेबल. पूर्वी जी खात्री माणूस देत असे, ती आता कागदाच्या चौकोनाने द्यायची असते. व्यापारचिन्हाच्या कायद्याचे मूळ याच गरजेत आहे. भारतात व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला कायदा १९४० चा, त्यानंतरचा १९५८ चा आणि आजचा १९९९ चा. या कायद्याच्या वर्गवारीत बियर ३२ व्या वर्गात येते, बाकीची मद्ये ३३ व्या वर्गात. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या माणसाला नाव नोंदवायचे असेल तर त्याचा अर्ज मुंबईच्या नोंदणी कार्यालयात जातो. नोंदलेल्या नावावरून भांडायचे असेल तर किमान जिल्हा न्यायालयात जावे लागते. नोंदणी नसली तरी ‘पासिंग ऑफ’चा दावा करता येतो, म्हणजे दुसऱ्याने आपला माल आमचा म्हणून खपवला अशी तक्रार.

दारूच्या बाबतीत या नावाला आणखी वजन येते, कारण जाहिरातीला बंदी आहे. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याने दारूची जाहिरात करता येत नाही, दूरचित्रवाणीवरही ती बंद आहे. म्हणून सोडा, संगीताच्या तबकड्या, खेळाच्या स्पर्धा अशा आडवाटांनी नाव लोकांच्या कानावर घातले जाते. साबणाच्या कंपनीला आपला साबण कसा चांगला हे सांगता येते. दारूच्या कंपनीला फक्त नाव सांगता येते. तिची सगळी पुंजी त्या दोन शब्दांत साठलेली असते.

देशीच्या धंद्यालाही हे ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा येथे सातपुडा साखर कारखान्याच्या कार्यक्रमात तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन यांनी कारखान्याच्या ‘महाराजा’ दारूचे नाव ‘महाराणी’ ठेवा, बाईचे नाव दिले की खप वाढतो, असा सल्ला दिला. राज्यभर टीका झाली आणि त्यांना माफी मागावी लागली. टीका योग्यच होती. पण त्या वाक्यात धंद्याचे एक सत्य उघडे पडले होते. आतला माल बहुतेक सारखाच असतो, फरक नावाने पाडायचा असतो.

संत्रा कोणाचा?

‘संत्रा’ हा शब्द या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हा अमरावती जिल्ह्याचा पट्टा संत्र्याचा. आंबिया आणि मृग या दोन बहरांवर इथल्या घरांचे वर्षाचे गणित चालते. देशी दारूला संत्र्याचा स्वाद लावायची पद्धत पडली आणि अनेक कारखान्यांनी आपापल्या नावापुढे ‘संत्रा’ हा शब्द जोडला. परिणाम असा झाला की भट्टीवर ‘संत्रा’ म्हणजे कुठल्याही कंपनीचा माल नव्हे, तर देशी दारूच. हॉटेलात ‘चहा’ मागावा तसा.

कायद्याच्या भाषेत असा शब्द कुणाच्याच मालकीचा राहत नाही. मालाचा प्रकार किंवा गुण सांगणारा, धंद्यात सर्रास रुळलेला शब्द चिन्ह म्हणून नोंदवता येत नाही; आणि दोन शब्दांचे नाव नोंदले असेल तर त्यातल्या सामान्य शब्दावर एकट्याचा हक्क सांगता येत नाही. म्हणजे ‘संत्रा’वर भांडता येत नाही, भांडायचे ते त्याच्या आधी लावलेल्या शब्दावर. आणि गंमत अशी की काका नेमका तो आधीचा शब्द कधी उच्चारतच नसत.

फळाची गोष्ट वेगळी. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. त्या आधी २००९ मध्ये गोव्याच्या फेणीला मिळाली होती. म्हणजे फळ म्हणून संत्र्याला त्याच्या मातीचे नाव राखता आले, दारूच्या लेबलावर मात्र तेच संत्रे सगळ्यांचे झाले. ‘संत्रा’ हा शब्द पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला, असे एक मत जुन्या कोशांत आहे. पण बाबराच्या आठवणींत ‘संगतरा’ पोर्तुगीज वर्चस्वाच्या आधीच भेटतो, म्हणून ते मत टिकत नाही. गावाचे नाव मालाला लागणे आणि मालाच्या नावात गाव शोधणे हा खेळ जुना आहे. दारूच्या धंद्यात तो सर्वांत जोरात खेळला गेला तो स्कॉटलंडच्या नावाने, आणि त्यातला एक मोठा सामना महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांच्या एका कारखान्याशी झाला.

खेडूत गिऱ्हाईक

त्या सामन्याआधी एका औषधाकडे जावे लागते, कारण कोर्टातल्या गिऱ्हाइकाचे पहिले स्पष्ट चित्र तिथे आहे. ‘अमृतधारा’ हे पोटदुखी-डोकेदुखीचे घरगुती औषध विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून देशभर विकले जाई. कानपूरच्या एका व्यापाऱ्याचे ‘लक्ष्मणधारा’ १९२३ पासून बाजारात होते. १९५० मध्ये त्याने नाव नोंदवायला अर्ज केला आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटले होते की ‘अमृत’ आणि ‘लक्ष्मण’ या शब्दांचे अर्थ इतके वेगळे आहेत की घोटाळा होणार नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मानले नाही. बाजारात औषध घ्यायला आलेला खेडूत किंवा शहरी माणूस, साक्षर किंवा निरक्षर, नावाची फोड करून व्युत्पत्ती पाहत बसत नाही. त्याच्या मनात नावाचा एकंदर ठसा असतो आणि तोही अर्धवट आठवणीतला. त्या ठशाने तो फसू शकतो, असे न्यायालयाने धरले. तरीही अमृतधारावाल्यांनी उत्तर प्रदेशात लक्ष्मणधारेची विक्री वर्षानुवर्षे डोळ्यांदेखत चालू दिली होती, म्हणून त्या राज्यापुरती नोंदणी कायम राहिली.

माझ्या मते भारतीय व्यापारचिन्ह कायद्यातला हा सर्वांत माणुसकीचा क्षण आहे. न्यायालयाने स्वतःच्या भाषाज्ञानाने नव्हे, तर अंगठेबहाद्दराच्या आठवणीने पाहायचे ठरवले. काका या निकालात सहज मावतात.

प्रवरेचा ढोलकरी

प्रवरा सहकारी साखर कारखाना हे नाव मराठी वाचकाला सांगायला नको. अहमदनगर जिल्ह्यातल्या, आताच्या अहिल्यानगरातल्या, लोणीत विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांना जमवले, धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ मध्ये कारखान्याचे गाळप सुरू झाले. सहकारी साखर कारखानदारीची ती सुरुवात. एक टन ऊस गाळला की साधारण ४० ते ४५ किलो मळी उरते. ती फेकून देण्यापेक्षा तिचा मद्यार्क काढला तर पैसे होतात. मद्यार्क तसाच विकण्यापेक्षा त्याची दारू करून विकली तर जास्त होतात. म्हणून साखर कारखान्याशेजारी आसवनी येते, आसवनीतून देशी दारू येते आणि तिच्यापाठोपाठ ‘विदेशी’ म्हटली जाणारी पण इथेच बनणारी व्हिस्की येते.

प्रवरेच्या दोन व्हिस्क्या होत्या : ‘ड्रम बीटर’ आणि ‘गॉड फादर’. ड्रम बीटरच्या लेबलावर स्कॉटिश पोशाखातला, घागऱ्यासारखा किल्ट घातलेला ढोलकरी होता, सोबत चौकड्यांचा टार्टन पट्टा. आणि शब्द होते ‘ब्लेन्डेड विथ स्कॉच’. स्कॉच व्हिस्की असोसिएशन मुंबई उच्च न्यायालयात आली. न्यायालयाने प्रवरेला अंतरिम मनाई केली. तो निकाल १९९२ च्या निकालसंग्रहात छापला गेला आणि आजही उद्धृत होतो.

असोसिएशनची बाजू समजण्यासाठी स्कॉच म्हणजे काय हे लक्षात घ्यावे लागते. ती धान्यापासून, स्कॉटलंडमध्येच गाळलेली आणि तिथेच ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवलेली असावी लागते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच व्हिस्क्यांचा पाया मळीच्या मद्यार्काचा असतो. युरोपात तिला व्हिस्कीही म्हणू देत नाहीत. मळीच्या मद्यार्कात थोडी स्कॉच घातली, तर ‘स्कॉच मिसळलेली’ हे शब्द खोटे नाहीत. पण त्यांच्यासोबत किल्ट, टार्टन आणि ढोल आला की पाहणाऱ्याच्या मनात जे उभे राहते ते खरे नसते. असाच प्रश्न इंग्लंडमध्ये १९७० च्या हेन्री ऑस्ट खटल्यात आला होता. तिथे स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की इक्वेडोरला पाठवून तिथल्या उसाच्या मद्यार्कात मिसळून स्कॉच म्हणून विकली जात होती, आणि इंग्लिश न्यायालयाने त्याला प्रतिबंध केला. ऊस इक्वेडोरचा असो की प्रवरेकाठचा, युक्ती एकच होती.

या निकालात कायदा बरोबर होता, असे मला वाटते. तरी तो वाचताना मन थोडे खट्टू होते. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी उभ्या राहिलेल्या कारखान्याला आपल्या मालासाठी परक्या मुलखाचा पोशाख उसना घ्यावासा वाटला. बाजाराने त्याला शिकवले होते की प्रवरेच्या नावाने देशी विकता येते, व्हिस्की विकायला स्कॉटलंड लागते. ज्या गिऱ्हाइकासाठी हा ढोलकरी उभा केला तो भट्टीवरचा माणूस नव्हता. तो देशीवरून ‘इंग्लिश’कडे चढू पाहणारा, वाइन शॉपच्या फळीकडे वर बघणारा माणूस होता. न्यायालयाने त्याला फसू शकणारा माणूस मानले, हे महत्त्वाचे.

श्रीमंत गिऱ्हाईक

सोळा वर्षांनी हे चित्र पालटले. बंगळुरूच्या खोडे कंपनीने १९६८ पासून ‘पीटर स्कॉट’ नावाची व्हिस्की विकायला सुरुवात केली होती आणि नावाची नोंदणीही झाली होती. ‘स्कॉट’ शब्दावर स्कॉच व्हिस्की असोसिएशनने हरकत घेतली. नाव कसे सुचले याबद्दल कंपनीच्या माजी व्यवस्थापकाने प्रतिज्ञापत्र दिले : वडील डोळ्यांपुढे होते, ते स्कॉट होते, शिवाय दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेवर गेलेल्या कॅप्टन स्कॉटचा मुलगा, निसर्गअभ्यासक पीटर स्कॉट, हेही नाव मनात होते. निबंधकाने आणि मद्रास उच्च न्यायालयाने असोसिएशनच्या बाजूने निर्णय दिला. २७ मे २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

पहिले कारण उशीर. असोसिएशनला १९७४ मध्ये नाव कळले होते, अर्ज मात्र १९८६ मध्ये केला. बारा वर्षे गप्प राहणाऱ्याला नंतर तक्रारीचा हक्क उरत नाही, हे अमृतधारेच्या निकालाशी जुळणारे आहे. दुसरे कारण मला थांबवणारे वाटले. न्यायालयाने म्हटले की खेडूत, निरक्षर, गरीब माणूस जो माल घेतो त्याची कसोटी वेगळी आणि शिकलेला, पैसेवाला माणूस जो घेतो त्याची वेगळी. स्कॉच घेणाऱ्याला ती कशी बनते, कुठून येते हे ठाऊक असते, तो फसणार नाही.

तर्क म्हणून हे अगदी चुकीचे नाही. गाडी घेताना माणूस जितका चौकशी करतो तितका काडेपेटी घेताना करत नाही. पण या निकालात एक सरकणे आहे. प्रश्न पीटर स्कॉट विकत घेणाऱ्याचा होता आणि उत्तर मिळाले ते अस्सल स्कॉच विकत घेणाऱ्याच्या ज्ञानावरून. जो अस्सल स्कॉच ओळखतो त्याला फसवायची गरज कुणाला पडते? ‘स्कॉट’ हा शब्द लागतो तो न ओळखणाऱ्यासाठी. लग्नाच्या हळदीला चार पाहुण्यांसमोर बाटली ठेवायची आहे आणि नावाला वजन हवे आहे, अशा माणसासाठी. तो माणूस अमृतधारेच्या निकालात होता, प्रवरेच्या निकालात होता. इथे तो बाहेर गेला.

एकच नाव, दोन मालक

दोन नावांचे साम्य हा वादाचा एक प्रकार झाला. दुसऱ्या प्रकारात नाव एकच असते आणि प्रश्न असतो ते कोणाचे हा. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगर इंडस्ट्रीजची ‘मॅन्शन हाउस’ ब्रँडी याचे महाराष्ट्रातले उदाहरण. महादेव डहाणूकर यांनी १९३३ मध्ये साखर कारखाना म्हणून सुरू केलेली ही कंपनी पुढे मद्याकडे वळली आणि १९८० च्या दशकापासून मॅन्शन हाउस विकू लागली. हे नाव मूळ नेदरलँड्सच्या हर्मन यान्सेन कंपनीचे. टिळकनगरचे म्हणणे, भारतात नाव रुजवले ते आम्ही. डच कंपनीचे म्हणणे, नाव आमचे, तुम्हाला वापरायला दिले होते. २००९ पासून हा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि पुढे वर्षानुवर्षे वेगवेगळ्या रूपांत चालला. दक्षिणेत ही ब्रँडी पिणाऱ्या लाखो लोकांना या भांडणाचा पत्ता नसावा. त्यांच्या बाटलीतला माल तोच, चव तीच. कायदा ज्याच्या फसवणुकीची चिंता करतो तो माणूस इथे फसतही नाही आणि सुटतही नाही. त्याचा संबंधच येत नाही.

‘प्राइड’ कोणाचा?

सर्वांत ताजा मोठा निकाल १४ ऑगस्ट २०२५ चा. तो आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातून गेला. पेर्नो रिका कंपनीची ‘ब्लेंडर्स प्राइड’ आणि खटल्याच्या वेळी तिच्याच मालकीची असलेली ‘इम्पीरियल ब्लू’ या व्हिस्क्या अमरावतीच्या कुठल्याही बारच्या फळीवर दिसतील. इंदूरच्या एका व्यावसायिकाने ‘लंडन प्राइड’ आणली. पेर्नोचे म्हणणे होते की ‘प्राइड’ हा शब्द एका नावातून उचलला आणि लेबलाचा रंग-रूप दुसऱ्यातून. त्यांच्या कंपनीचे नाव काचेत उमटवलेल्या बाटल्याही वापरल्या, असाही आरोप होता. इंदूरच्या व्यापारी न्यायालयाने आणि मग मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. ‘प्राइड’ हा गुणगान करणारा, धंद्यात रुळलेला शब्द आहे, त्यावर एकट्याची मक्तेदारी नाही. नाव तुकड्यांत नव्हे, पूर्ण पाहायचे. आणि अशा दर्जाच्या व्हिस्कीचे गिऱ्हाईक पारखून घेणारे असते. निकाल अंतरिम मनाईपुरता होता, पण त्याचे तर्क दूर जाणारे आहेत.

‘प्राइड’बद्दल न्यायालयाने जे म्हटले तेच मी वर ‘संत्रा’बद्दल म्हटले आहे. सामान्य शब्द सामान्यांचाच राहावा, हे योग्य. मोठ्या कंपनीने शब्दकोशातले एकेक पान कुंपण घालून घेतले तर लहान कारखानदाराला नाव ठेवायला शब्द उरणार नाही. पण पारखी गिऱ्हाइकाचे चित्र मला पुन्हा अस्वस्थ करते. अमृतधारेपासून लंडन प्राइडपर्यंतच्या त्रेसष्ट वर्षांत दारूच्या खटल्यांतला माणूस खेड्यातून शहरात गेला, साक्षर झाला, श्रीमंत झाला, चोखंदळ झाला. देशात तसे झालेलेही आहे. पण सगळ्यांचे नाही.

काकांची बाटली

इथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. काकांच्या बाबतीत घडले ते मिळत्याजुळत्या नावाचे प्रकरण नव्हते. ती बनावट होती : जुनी बाटली, तसेच लेबल, आत भलतेच. असे करणे आजच्या व्यापारचिन्ह कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. शिवाय उत्पादन शुल्क खाते आणि पोलिस आहेतच. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला मेथिल अल्कोहोलने शंभरावर माणसे मेली. त्या दारूला तर लेबलही नव्हते. तिथे व्यापारचिन्हाचा कायदा काय करणार?

तरी दोन गोष्टी जोडलेल्या आहेत. बनावट करणारा माणूस गिऱ्हाईक कशावरून ओळखते ते नेमके जाणतो. न्यायालये अक्षरांची तुलना करतात, उच्चार जुळवतात, शब्दाचा अर्थ लावतात. बनावटवाला चित्र, रंग आणि बूच सारखे करतो. निरक्षर माणसाची साक्षरता कुठे असते हे त्याला पक्के ठाऊक आहे. आणि बाजारात आधीच दहा कारखान्यांची दहा संत्री एकमेकांसारखी असतील, तर अकरावे खोटे संत्रे त्यांत सहज लपते. वर्धा नदीपलीकडे दारूबंदीचा जिल्हा आहे. अशा ठिकाणी तर बाटली उजेडात धरून पाहण्याचीही सोय नसते. अंधारात हाताला लागेल ती घ्यायची.

यावर कुणी विचारील की दारू पिणाऱ्याची एवढी काळजी कशाला? हा प्रश्न आमच्या मातीत हलका नाही. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा डेबू लहान असतानाच त्याचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. तोच डेबू पुढे गाडगेबाबा झाला. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्याने गोड जेवण घातले, अशी आठवण चरित्रांत सांगितली जाते. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनीही गावोगाव हेच सांगितले. त्यांचे सांगणे मला मान्य आहे. काकांना ते आधी पटले असते तर बरे झाले असते. पण राज्य स्वतः परवाना देते, कर घेते, लेबल मंजूर करते. दारू विकू द्यायची आणि पिणाऱ्याने काय प्यावे हे मात्र त्याच्या नशिबावर सोडायचे, हे गाडगेबाबांचे सांगणे नव्हे.

देशी दारूचे लेबल महाराष्ट्रात उत्पादन शुल्क आयुक्तांच्या मंजुरीशिवाय बाजारात येत नाही. म्हणजे सगळी लेबले एका टेबलावरून जातात. तिथे मजकूर, क्षमता, इशारा पाहिला जातो. त्याच टेबलावर एक प्रश्न आणखी विचारता येईल : वाचता न येणाऱ्या माणसाला ही बाटली शेजारच्या बाटलीहून वेगळी ओळखता येईल का? प्रत्येक कारखान्याला एक ठरलेले चित्र, एक ठरलेला बुचाचा रंग, जो दुसऱ्याला मिळणार नाही. याला नवा कायदा लागणार नाही. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटदुखीच्या औषधासाठी जे डोळे वापरले, तेच भट्टीच्या खिडकीपाशी वापरायचे आहेत.

काकांनी त्या करीनंतर तीन-चार महिने बाटलीला हात लावला नाही. मग पुन्हा सुरू झाली, शेवटपर्यंत राहिली. फरक एवढाच पडला की ओळखीच्या माणसाकडून त्यांनी पुन्हा कधी घेतली नाही, आणि भट्टीच्या खिडकीतून पव्वा आला की मी जवळ असलो तर तो माझ्यापुढे धरत. ‘‘वाच बरं बाबू, काय लिवलं हाये?’’ मी कंपनीचे नाव वाचून दाखवी. ते मान हलवत. ते नाव त्यांना आठवत नसे, पण कुणीतरी वाचले एवढ्यावर त्यांचे समाधान होई.